पान विकून उरतं काय? तेंदू-बांबूच्या ग्रामसभांना खुलं पत्र

प्रति,
गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर आणि अमरावती जिल्ह्यांतल्या सामूहिक वनहक्कधारक ग्रामसभा आणि त्यांचे महासंघ

जोहार.

तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानाच्या, लिलावाचे दिवस जवळ आले की महासंघाच्या बैठकीत एकच विषय उरतो, यंदा गोणीला भाव काय. मागच्या हंगामातली कंत्राटदाराकडची बाकी, जीएसटी कोणी भरायचा, बोनस कधी वाटायचा, यातच दुपार जाते. हे विषय लहान नाहीत. पण त्या धबडग्यात एक प्रश्न दर वर्षी मागे राहतो. पान विकून आलेल्या पैशातून ग्रामसभेचं स्वतःचं असं काय उभं राहिलं? हे पत्र त्यासाठी आहे. त्यात मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, मध्य अमेरिकेत. तिथल्या जंगलातल्या गावांपुढे हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी आला होता. त्यांची काही उत्तरं बरोबर आली, काही साफ चुकली, आणि आता दोन्ही तपासून पाहता येतात.

१५ ऑगस्ट २०२५ला मेक्सिको, ग्वाटेमाला आणि बेलीझ या तीन शेजारी देशांचे प्रमुख मेक्सिकोतल्या कालाकमुलला जमले आणि तिघांच्या सरहद्दींवर पसरलेलं माया अरण्य मिळून राखायचं असं त्यांनी जाहीर केलं. क्षेत्र ५७ लाख हेक्टर. आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या जवळजवळ चौपट. बातमीत तिघांचे फोटो होते. घोषणेच्या दिवसापर्यंत ते जंगल उभं कोणी ठेवलं, हे मात्र बातमीत शोधावं लागत होतं.

ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेटेन नावाचा प्रांत आहे. १९९० साली सरकारने एका कायद्याने तिथलं २१ लाख हेक्टर जंगल बायोस्फिअर रिझर्व्ह म्हणून जाहीर केलं. आत माणसं राहत होती. कोणी जंगली चिकूच्या झाडांना चिरा पाडून चीक गोळा करायचं, ज्यापासून एके काळी च्युइंग गम बनायचं. कोणी ‘शाते’ नावाच्या ठेंगण्या पामची पानं तोडायचं. आजोबांपासून चालत आलेलं काम एका सकाळी बेकायदा झालं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. गस्तीचे नाके, जप्ती, आणि उलट रागाने जाळलेली चौकी, सगळं तिथेही झालं.

फरक पडला तो त्यानंतर. रिझर्व्हचे तीन भाग केले होते. गाभ्यात राष्ट्रीय उद्यानं, दक्षिणेच्या कडेने एक पट्टा, आणि मध्ये सुमारे आठ लाख हेक्टरांचा बहुउपयोगी भाग. या मधल्या भागात मोठ्या लाकूड कंपन्यांना ठेके द्यायचे की गावांना, यावर वाद झाला. गावं एकत्र आली आणि अडून बसली. १९९४ला सान मिगेल ला पालोताडा या गावाला पहिला करार मिळाला. १९९५ला गावांचा महासंघ उभा राहिला, आकोफोप. १९९६ला ३६ वर्षांचं यादवी युद्ध संपलं आणि शांतता करारांमुळे जमिनीचा प्रश्न सरकारला टाळता येईना. पुढच्या पाच-सहा वर्षांत एकूण बारा सामूहिक करार झाले, सुमारे चार लाख हेक्टरांचे. प्रत्येकाची मुदत २५ वर्षं. जमीन सरकारचीच, वापराचा हक्क गावाचा. अट अशी की तीन वर्षांच्या आत एफएससीचं, म्हणजे जंगल नीट सांभाळून वापरल्याचं, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवायचं आणि टिकवायचं, नाहीतर करार रद्द. सुरुवातीला आणखी एक अट होती. प्रत्येक गावाने एखादी स्वयंसेवी संस्था सोबत घेतलीच पाहिजे, तिच्याशिवाय करार नाही. गावांना ती जाचली, भांडून त्यांनी ती काढायला लावली. (आम्हा संस्थावाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

वाशाक्तून हे त्यातलं सर्वांत मोठं क्षेत्र असलेलं गाव. टिकालच्या प्रसिद्ध माया मंदिरांपासून उत्तरेला कच्च्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर. चिकाच्या धंद्याच्या काळात तिथे विमानं उतरायची, आणि आजही घरं त्या जुन्या धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना आहेत. धावपट्टीवर आता गवत आणि डुकरं. या गावाकडे ८३ हजारांहून जास्त हेक्टर जंगल आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं १८०० हेक्टर डोळ्यापुढे आणा म्हणजे आकडा कळेल.

तिथला शातेचा हिशेब मला आपल्या तेंदूसाठी सर्वांत कामाचा वाटतो, म्हणून तो जरा सावकाश सांगतो. शातेचं पान अमेरिकेत आणि युरोपात फुलांच्या गुच्छात घालतात. अमेरिकेतल्या चर्चना ईस्टरच्या आधीच्या रविवारीही ते लागतं. पान कापणारा रानात जातो, झुडपाला हात घालतो, जुड्या बांधून आणतो. पूर्वी व्यापारी पानांच्या संख्येवर पैसे द्यायचा. साहजिकच जो तो हाताला लागेल ते कापायचा, डागाळलेलं, कोवळं, किडलेलं, सगळं. शहरातल्या गोदामात त्यातलं मोठं ढीगभर पान फेकलं जायचं. मजुरी फुकट, झुडूपही फुकट बोडकं. गावाच्या संघटनेने दोन गोष्टी बदलल्या. भाव चांगल्या पानाचा ठरवला, आणि निवडीचं काम शहरातून गावात आणलं. गावातल्याच शेडमध्ये बायका पान निवडतात, लांबीप्रमाणे लावतात, बांधतात, आणि ती मजुरी गावात राहते. बाहेरच्या खरेदीदाराशी गाव सरळ बोलू लागलं. कापणारा आता झुडपावर पानं राखून कापतो, कारण पुढच्या फेरीला त्याच झुडपाकडे त्याला यायचं आहे.

आता आपली फळी, पान गोळा करायची जागा, आठवा. सत्तर पानांचा पुडा, मुन्शी पुडे मोजतो, पलटवणं-वाळवणं आपण करतो, गोणी भरणंही आपणच. आणि त्या पुढचं सगळं कंत्राटदाराचं. प्रत कोणती, गोदाम कुठे, विडी कारखान्याला कोणत्या भावाने गेलं, हे आपल्याला पुढच्या वर्षीच्या लिलावात अंदाजाने कळतं. ग्रामसभांनी स्वतः लिलाव करायला सुरुवात केली तेव्हा संग्राहकाच्या हातात जास्त पैसा आला, हे खरंच मोठं काम झालं. पण गाडी तिथेच थांबली आहे. पानाची प्रतवारी करून साठवून ठेवणारं एखादं गोदाम चार-पाच ग्रामसभांच्या मालकीचं असतं, तर ज्या वर्षी कंत्राटदार संगनमत करून भाव पाडतात त्या वर्षी “यंदा देत नाही” म्हणायची ताकद आली असती.

लाकडाचंही तसंच. सुरुवातीला पेटेनमधली गावं उभी महोगनी विकायची, व्यापाऱ्याकडून उचल घेऊन. उचल घेतली की भाव त्याचा. मग त्यांनी करवती घेतल्या, फळ्या पाडायला शिकले. २००३ला अनेक गावांच्या संघटनांनी मिळून फोरेस्कोम नावाची स्वतःची कंपनी काढली, मोठ्या मागणीसाठी सगळ्यांचा माल एकत्र करायला आणि महोगनीशिवायची, बाजारात नाव नसलेली लाकडं खपवायला. झाडतोडीची शिस्त कडक. जंगलाचे वर्षाप्रमाणे भाग पाडलेले, त्या वर्षीच्या भागातलं प्रत्येक मोठं झाड मोजून नकाशावर लावलेलं, बियाण्याची झाडं राखलेली, आणि एकदा तोडलेल्या भागात पुन्हा काही दशकांनीच करवत. हेक्टरी एखाद-दोन झाडं निघतात. आलेल्या पैशातून आधी गस्त आणि जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेले पट्टे), मग शाळा, शिष्यवृत्त्या, दवाखान्याचा खर्च, आणि उरलेलं सभासदांना.

याचा जंगलावर परिणाम काय झाला, ते उपग्रहाच्या चित्रांत दिसतं. ज्या गावांचे करार नीट चालले, तिथे जंगलतोड जवळजवळ झालीच नाही. त्याच रिझर्व्हच्या पश्चिमेला लागुना देल तिग्रे हे राष्ट्रीय उद्यान आहे. कागदावर सर्वांत कडक संरक्षण, माणसाला मज्जाव, आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर यादीत नाव. पण आत वर्षानुवर्षं तेलविहिरी चालल्या, त्यांच्यासाठी रस्ता झाला, आणि रस्त्यामागून आले गुरांचे मोठे मळे. त्यातल्या बऱ्याच मळ्यांमागे अमली पदार्थांचा पैसा आहे. हजारो हेक्टर जंगलाचं कुरण झालं. वनरक्षक होते, पण बंदूकवाल्यांपुढे मूठभर वनरक्षकांनी करायचं काय? करारातल्या गावांत मात्र धूर दिसला की शंभर माणसं निघत, कारण जळत असायचं ते त्यांचं पुढच्या वर्षीचं पान आणि लाकूड.

हे ऐकून छाती फुगवायच्या आधी दुसरी बाजू बघू. ज्या सान मिगेलला पहिला करार मिळाला होता, त्याचाच करार २००९ला रद्द झाला. शेजारच्या ला पासादितालाही तेच. रस्त्याकडेची ही गावं. तिथले लोक बाहेरून नव्याने आलेले, मूळचे शेतकरी. वाट्याला आलेलं जंगल लहान, महोगनी थोडी. जंगलातून मिळकत हाती लागायच्या आधीच गुरांच्या मळेवाल्यांनी नोटा पुढे केल्या, आणि एकेकाने आपल्या ताब्यातली जमीन गुपचूप विकली. विकण्याचा हक्क कोणालाच नव्हता, पण विकणारा आणि घेणारा दोघे राजी असले की अडवतो कोण. काही वर्षांतच जंगल गेलं. ज्यांनी विरोध केला त्यांना धमक्या आल्या. पेटेनमध्ये जंगलासाठी बोलणाऱ्या माणसांचे खून झाले आहेत, हे विसरून त्या गावांना नावं ठेवू नयेत.

म्हणून मला असं दिसतं की जंगल हक्काच्या कागदाने राखलं जात नाही आणि जंगलावरच्या प्रेमानेही राखलं जात नाही. गावाचा त्यात चालता धंदा असावा लागतो, त्याचा हिशेब उघडा असावा लागतो, आणि संकटात धावून येणारा महासंघ मागे असावा लागतो. तिन्हींतलं एक जरी नसेल तर सान मिगेल होतं. आपल्याकडे आदिवासी म्हणजे निसर्गपूजक, तो जंगल राखणारच, असं शहरातले लोक कौतुकाने म्हणतात. त्या कौतुकाने पोट भरत नाही. ते म्हणणारे तेंदूचा भाव पडला तेव्हा कुठे होते?

महासंघाचं बळ काय असतं याचं एक उदाहरण. २००२ला ग्वाटेमाला सरकारने मिरादोरच्या माया अवशेषांभोवतीचं संरक्षित पुरातत्त्व क्षेत्र वाढवायचा आदेश काढला. पर्यटनाची मोठी स्वप्नं होती. वाढलेली हद्द गावांच्या करारांवर येत होती. एकट्या गावाचं कोणी ऐकलं नसतं. आकोफोपने सगळ्यांना एकत्र ठेवलं, गावं न्यायालयात गेली आणि आदेश रद्द झाला. पुढे मुदत संपत आली तेव्हा हीच एकजूट कामी आली. २०१९च्या शेवटी कार्मेलिता गावाला आणखी २५ वर्षांची मुदत मिळाली, नंतर वाशाक्तूनसह इतरांनाही.

तुमच्या हक्काला मुदत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ)ने दिलेला जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क कायमचा आहे, २५ वर्षांनी कोणाच्या दारात नूतनीकरणाला जायचं नाही. मेंढा-लेखाला २००९ला हक्क मिळाला, २०११च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले, २०१२च्या सुधारित नियमांनी तो अधिकार सगळ्यांसाठी स्पष्ट केला. एकट्या गडचिरोलीत हजाराहून जास्त ग्रामसभांचे दावे मंजूर आहेत. भाडेकराराच्या जोरावर पेटेनच्या लोकांनी कंपनी काढली. आपण घरमालक असून अजून अंगणातच लिलाव करतोय.

मेक्सिकोच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे, थोडक्यात सांगतो. तिथे क्रांतीनंतर ‘एखिदो’ म्हणजे सामाईक मालकीची गावं झाली, जमीन गावाचीच. पण किंताना रो प्रांतातल्या गावांच्या जंगलातली महोगनी तोडायचा हक्क सरकारने १९५०च्या दशकात एका कंपनीला बऱ्याच वर्षांसाठी देऊन टाकला होता. गावाची जमीन, कंपनीची करवत, गावाच्या हाती चिल्लर. तो ठेका संपल्यावर १९८३पासून गावांनी स्वतःचं वनव्यवस्थापन सुरू केलं, तेही ठराविक जंगल कायम जंगलच ठेवायचं, शेतीला तोडायचं नाही, हे गावसभेत ठरवून. नोह बेक हे त्यातलं नावाजलेलं गाव. २००७च्या ऑगस्टमध्ये डीन चक्रीवादळाने त्याचं जंगल झोडपून काढलं, शेकडो वर्षांची झाडं आडवी केली. गावाने पडलेलं लाकूड उचलून विकलं आणि पुन्हा उभं राहिलं. इतकी वर्षं तोडीच्या नोंदी ठेवणाऱ्या गावाला कुठे काय पडलंय हे शोधावं लागत नाही.

कांपेचे प्रांतातल्या माया मधपाळांचं तर स्वतंत्र पत्र होईल. २०१२ला सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनला परवानगी दिली, जंगल तोडून शेतं वाढू लागली आणि मधाची युरोपातली बाजारपेठ धोक्यात आली. मधपाळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि नोव्हेंबर २०१५मध्ये न्यायालयाने सांगितलं की माया समाजांचं म्हणणं आधी विचारल्याशिवाय हे चालणार नाही. या लढ्याच्या पुढारी लेदी पेच यांना २०२०चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. ग्रामसभेच्या संमतीशिवाय खाण नको म्हणून भांडणाऱ्या आपल्या माणसांना हा निकाल ओळखीचा वाटेल.

सरहद्दीने या लोकांना कधीच पुरतं वेगळं केलं नाही. यादवीत हजारो ग्वाटेमालन कुटुंबं मेक्सिकोत निर्वासित म्हणून राहिली. परत आलेल्यांपैकी एका गटाने पेटेनमध्ये सहकारी संस्था काढून जंगल सांभाळायला घेतलं. एखिदोंची जंगलं जवळून पाहिलेले लोक परतताना काय डोक्यात घेऊन आले असतील, याचा अंदाज करायला हरकत नाही.

पण सरहद्दीची वाईट बाजू बेलीझमध्ये दिसते. त्याच्या पश्चिम कडेचं चिकिबुल हे दाट जंगल, एक स्थानिक संस्था सरकारच्या सोबतीने ते सांभाळते. ग्वाटेमालाच्या बाजूला, जिथे करारातली गावं नाहीत तिथून, गरीब माणसं रात्री ओलांडून येतात. आधी शातेची पानं कापायला, मग लाकडाला, आणि लाल मकाव पोपटांची पिल्लं घरट्यातून काढायला. बेलीझने सैनिक गस्तीला लावले. पलीकडच्या माणसाला त्याच्या गावात काम नाही, तोवर गस्त किती पुरणार? तीन देशांच्या घोषणेचं खरं मोजमाप मी तरी या पट्ट्यात करीन. वाशाक्तूनसारखी शेड सरहद्दीच्या त्या गावांत कधी उभी राहते, ते पाहायचं. आपल्याकडेही छत्तीसगड-तेलंगणाची हद्द जंगलातूनच जाते. व्यापारी दोन्हीकडचे भाव जाणतो, आपण फक्त आपला. पलीकडच्या संग्राहकांशी हंगामाआधी फोनवर जरी बोलणं झालं, तरी लिलावात फरक पडेल.

पेटेनचं सगळंच उचलावं असं नाही. बायकांना सभासद करून घ्यायला तिथे फार उशीर झाला, सुरुवातीला कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषांचीच नावं. काही संघटनांत पैसा मूठभरांनी खाल्ला आणि कर्ज सगळ्यांच्या डोक्यावर आलं. अमेरिकी मदतीचे कोट्यवधी डॉलर त्यामागे होते, तसे आपल्यामागे कोणी नाही. आणि ज्याच्या एका झाडाला भाव आहे अशी महोगनी आपल्याकडे नाही. आपल्याकडे बांबू आहे, मोह आहे, हिरडा-बेहडा आहे, आणि दरवर्षी न चुकता येणारं पान आहे.

तेव्हा मागणं एवढंच. यंदाच्या लिलावाच्या बैठकीत भावाआधी दोन विषय घ्या. पहिला, गेल्या तीन हंगामांचा हिशेब, जमा, वाटप, बाकी, कंत्राटदारनिहाय, सगळ्या ग्रामसभांसमोर मोठ्याने वाचायचा. जिथे वही अर्धवट आहे तिथे ती आधी पुरी करा, त्यासाठी माणूस लागला तर मी येतो. दुसरा, गोणीमागे एक ठरावीक रक्कम महासंघाच्या वेगळ्या खात्यात बाजूला काढायचा ठराव. किती, ते तुम्ही ठरवा. त्यातला निम्मा भाग फेब्रुवारीपासून जाळरेषा आणि वणव्याच्या राखणीच्या मजुरीला, निम्मा गोदामाला. गोदामासाठी धानोरा-कोरची रस्त्याकडेची जागा सोयीची पडेल असं मला वाटतं, पण त्यावर भांडण होणार हेही ठाऊक आहे. ते भांडण बैठकीतच होऊ द्या. आणि निवडीच्या शेडवर देखरेख करायला बायकांची समिती असावी, हे पहिल्याच ठरावात लिहा, नंतरसाठी ठेवू नका.

बेलकटाई (तेंदूच्या झुडपांची छाटणी) सुरू व्हायच्या आत बैठकीची तारीख कळवा.

आपला,
ग्रामसभांच्या हिशेबवह्या लिहिणारा एक कार्यकर्ता